सातव्या महिन्यातली लीग

लग्न होऊन मी कलकत्त्याला आले तेव्हा फुटबॉल हा शब्द मला ऐकून माहीत होता. तो एक दिवस माझ्या दारात येऊन उभा राहील असं काही वाटलं नव्हतं.

हे गोदीजवळच्या एका कंपनीत कारकून होते. कंपनीचा फुटबॉल क्लब होता आणि त्याच्या सेक्रेटरीचं काम ह्यांनी हौसेने अंगावर घेतलं होतं. कलकत्त्याच्या लीगमध्ये पायऱ्या असतात, हे ह्यांनी मला पहिल्याच उन्हाळ्यात समजावून सांगितलं. आमचा क्लब दुसऱ्या डिव्हिजनमध्ये. हंगामाअखेर जो पहिला येईल तो एकच क्लब वरच्या डिव्हिजनमध्ये जायचा. वर मोठे क्लब, मैदानभर माणसं, वर्तमानपत्रात नावं. खाली कोणी विचारत नाही. आमचा क्लब कित्येक वर्षं खालीच होता. हे जेवताना सांगायचे आणि वरणात भात कालवायचा विसरून बोटांनी ताटात मैदान काढायचे.

गार्डन रीचला दुसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या. खिडकीतून तागाच्या गोदामाची भिंत दिसायची, आणि भिंतीवरून कधीकधी बोटीचं धुराडं सरकत जायचं. त्यावरून कळायचं की पलीकडे नदी आहे. बंगाली मला येत नव्हतं, हिंदी मोडकं. माझं शिक्षण चौथीपर्यंत. रस्त्यावर एकटी गेले तर परत कशी येईन ह्या भीतीने मी जातच नसे. खालच्या मजल्यावर एक म्हाताऱ्या बंगाली बाई राहायच्या. त्यांना सगळे मासिमा म्हणत, म्हणून मीही म्हणायची. आम्ही दोघी बहुतेक हातवाऱ्यांनी बोलायचो.

त्या वर्षी मला दिवस होते. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच होतं. माझं माहेर साताऱ्याजवळ. वडील अर्धांगाने अंथरुणाला खिळलेले, त्यामुळे आईला घर सोडून येणं शक्य नव्हतं. तिने कळवलं होतं, सातव्यात दादा तुला न्यायला येईल, आठवा लागला की प्रवास करायचा नाही. श्रावणाची अमावास्या झाली की आठवा लागणार होता. तोवर मला निघायचं होतं. मी एकेक दिवस त्या अमावास्येकडे बघून ढकलत होते.

लीग मे महिन्यात सुरू झाली. पहिल्या मॅचच्या दिवशी ह्यांना न्यायला क्लबचा गोलकीपर आला. चेंडूंची पिशवी घेऊन तो दारातच उभा राहिला. हे महत्त्वाच्या कामाला निघालेले, म्हणून मी आमच्या रिवाजाप्रमाणे ह्यांच्या हातावर चमचाभर दही घातलं. समोर दुसरा माणूस उभा आहे आणि त्याला तसंच सोडायचं, हे बरं दिसेना. मी मान वर न करता त्याच्यापुढेही चमचा धरला. त्याने हात केला, मी दही घातलं. त्याचं काय करायचं हे त्याला कळेना. त्यांच्यात, बंगाल्यांत, परीक्षेला वगैरे जाताना कपाळावर दह्याचा टिळा लावतात. त्याने थोडं बोटाने कपाळाला लावलं आणि उरलेलं चाटून टाकलं. हे जिना उतरेपर्यंत हसत होते.

त्या दिवशी गोलकीपरने पेनल्टी अडवली आणि आमचा क्लब जिंकला.

पुढच्या मॅचला तो आला तो दोघांना घेऊन. तिघांनीही हात पुढे केले. त्या मॅचमध्ये त्या दोघांपैकी एकाने गोल केला. त्यानंतर अख्खी टीमच येऊ लागली. दुपारची उन्हं कलली की जिन्यावर पावलं वाजायची, आणि पहिल्या मजल्यापासून आमच्या दारापर्यंत एकेका पायरीवर एकेक माणूस उभा राहायचा. मी पदर डोक्यावरून पुढे ओढून दारात उभी राहायची आणि एकेक जण वर येऊन हात पुढे करायचा. आधी कपाळ, मग तोंड. हाही आता नियमच झाला होता.

मी त्यांचे चेहरे कधी पाहिले नाहीत. हात पाहिले आणि पाय पाहिले. त्या वेळी पुष्कळ जण अनवाणीच खेळायचे, घोट्याला पट्टी बांधून. एकाच्या अंगठ्याचं नख कायमचं काळं होतं. एकाची टाच भेगाळलेली. एकजण शेजारच्या मेटियाबुरुज वस्तीतला मुसलमान मुलगा होता. तो संकोचाने तीन पायऱ्या खालीच थांबायचा आणि तिथूनच ओंजळ करायचा. मीच मग जड अंगाने तीन पायऱ्या उतरायची. एकदा गोलकीपर त्याच्यावर ओरडला, "अरे नवाबसाब, ऊपर आओ ना! बऊदी का हालत देखो!" बऊदी म्हणजे वहिनी, मी. तेव्हापासून तो वर येऊ लागला.

सुरुवातीला मला गंमत वाटली, हे खरं आहे. त्या घरात माझ्याकडे कोणी येत नव्हतं. पण जूनच्या मध्यात विरजण एकदा नासलं. रात्री उकाडा फार झाला असेल. हे धावत जाऊन मिठाईच्या दुकानातून मडक्यातलं दही घेऊन आले. ते बंगाली गोड दही, गुळासारखं तांबूस. मी तेच हातावर घातलं. एकजण चाटून म्हणाला, "आज तो मिठाई है! जीत पक्की!" मॅच बरोबरीत सुटली. रात्री हे जेवले नाहीत. मला काही बोलले नाहीत, पण भिंतीला म्हणाले, "घरचं दही लावायला काय लागतं?"

तिथून मी अडकले. मॅचच्या आदल्या रात्री दूध तापवून, कोमट करून, विरजण लावून भांडं फडक्यात गुंडाळून ठेवायचं, आणि मॅचच्या दिवशी घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. मासिमांनी एकदा कालीघाटला चल म्हणून खूण केली. ह्यांनी त्यांना हसत सांगितलं, "आज नाही मासिमा, आज मॅच आहे." मासिमा माझ्या पोटाकडे आणि मग ह्यांच्याकडे बघून बंगालीत काहीतरी पुटपुटल्या. ह्यांना सगळं समजलं, पण मला अर्थ सांगितला नाही.

क्लब जिंकत होता. कंपनीचे मोठे साहेब ह्यांना हाक मारून निकाल विचारू लागले. ह्यांची चालच बदलली. घरी येताना जिन्यावरून शीळ घालत यायचे. मी एकदा चाचरत विचारलं, "दादाला कधी येऊ दे म्हणून लिहिलंत?"

"लिहितो. ही एवढी मॅच होऊ दे."

ती मॅच झाली. मग पुढची. शेवटी मीच माझ्या अक्षरात आईला चार ओळी लिहिल्या आणि मासिमांच्या नातवाकडे टपालात टाकायला दिल्या.

श्रावणात दादा आला, शाळेतल्या मास्तरकीतून रजा काढून. कलकत्ता मेलने दोन रात्री बसून, ट्रंक घेऊन, पिशवीत आईने दिलेले डिंकाचे लाडू घेऊन. दारात त्याला बघितल्यावर मी एवढी रडले की तो घाबरला. "अगं, सगळं बरं आहे. आई बरी आहे. आईने पाळणा माळ्यावरून काढून धुवून ठेवलाय. आता रडतेस काय?" रविवारच्या मेलची दोन तिकिटं त्याने येतानाच काढून ठेवली होती. मी त्याच रात्री माझी बोचकी बांधायला घेतली.

शनिवारी शेवटची मॅच होती. समोरचा क्लब आणि आमचा क्लब गुणांनी बरोबरीत, दोघांपैकी एकजण वर जाणार. हे म्हणाले, "मेहुणेबुवा, तुम्ही दोन दिवस आधी आलात हे आमचं नशीब. उद्या मैदानावर चला."

"मला काय कळतं हो त्यातलं, दाजी," दादा म्हणाला. "आम्ही आपले हुतूतूवाले."

"चला तर खरं. तासभराचा तर प्रश्न."

शनिवारी दुपारी टीम आली. दादा माझ्या मागे उभा राहून बघत होता. मी सगळ्यांच्या हातावर दही घातलं. गोलकीपरने मागे वळून दादालाही हात करायला लावला, "भाईसाब को भी!" सगळे हसत खाली गेले. त्यांच्या मागोमाग हे आणि दादा. मी खिडकीत बसले. उद्या ह्या वेळी मी स्टेशनवर असेन, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता. गोदामाच्या भिंतीवर ढग उतरले आणि मग असा पाऊस लागला की भिंतही दिसेनाशी झाली.

ते दोघे परत आले तेव्हा दिवेलागण झाली होती. दोघांच्या अंगावर डोक्यापर्यंत चिखल. दादाचा आवाज पार बसलेला, पण चेहरा असा पेटलेला मी लहानपणापासून कधी पाहिला नव्हता. तो ओल्या कपड्यांनीच खुर्चीत बसला.

"काय झालं?" मी विचारलं.

"एका गोलने पुढे होतो!" दादा घोगऱ्या आवाजात म्हणाला. "होतो" म्हणाला, जणू तोही टीममधलाच. "अगं, तो काळ्या नखाचा पोरगा, त्याने चिखलातून असा चेंडू काढला! आणि तेवढ्यात तळं झालं मैदानाचं. चेंडू हलेना. पंचाने मॅच बंद केली."

"मग?"

"मग काय, पुन्हा सगळी खेळायची. गुरुवारी."

हे टॉवेलने डोकं पुसत होते आणि माझ्याकडे न बघता दादाकडे बघत होते. मला कळलं की त्यांच्या मनात काय आहे, आणि त्यांना ते माझ्यापुढे काढायचं धैर्य होत नाहीये. मला वाटलं, दादा आहे. दादा ह्यांना सांगेल.

जेवताना दादानेच विषय काढला. पोळी मोडत, ताटाकडे बघत म्हणाला, "मी काय म्हणतो, गुरुवारपर्यंत थांबायला काय हरकत आहे? मी शाळेत तार करतो. तिकिटं बदलून मिळतात ना हो दाजी?"

"मिळतात की," हे पटकन म्हणाले. "आमच्या ऑफिसातला एकजण स्टेशनवर ओळखतो."

मी तव्यावरची पोळी तशीच ठेवली. करपल्याचा वास आला तरी मला हलवेना. मग मी म्हणाले, "मला जायचंय."

दोघे थांबले. मी त्या घरात एवढ्या मोठ्याने कधी बोललेच नव्हते.

"जायचंच आहे गं," दादा समजावणीच्या सुरात म्हणाला. "कोण नाही म्हणतंय? चार दिवसांचा तर प्रश्न. ही पोरं बघ, वर्षभर रक्त आटवलंय. तू नसलीस आणि हरली तर जन्मभर तुझ्या नावाने बोटं मोडतील."

"बुधवारी अमावास्या आहे," मी म्हणाले.

"एका दिवसाने काय होतं," हे म्हणाले. दादानेही मान हलवली.

माझ्याजवळ बोलायला जेवढं होतं तेवढं मी बोलले होते. मी करपलेली पोळी माझ्या ताटात घेतली.

रविवारची मेल गेली. ती कोणत्या वेळी सुटते हे मला ठाऊक होतं. त्या वेळी दादा आणि हे मोरीत बसून बूट धूत होते. टीममधल्या तिघाचौघांना साहेबांनी शनिवारच्या मॅचला नवे बूट दिले होते, चिखलात घसरू नये म्हणून. ते शेगडीभोवती वाळत ठेवले होते. मला स्वयंपाकाला जागा नव्हती. ओल्या कातड्याच्या वासाने मला उलटी झाली. दादा म्हणाला, "खिडकी उघड गं जरा." खिडकी उघडीच होती.

त्या चार दिवसांत दादा आमच्या टीममधल्या प्रत्येकाला ओळखू लागला. कोण डाव्या पायाने मारतो, कोणाची बायको माहेरी गेली म्हणून तो उदास आहे, सगळं मला येऊन सांगायचा. तो बायको माहेरी गेल्याचं सांगत होता तेव्हा त्याला स्वतःच्या बोलण्याचं काही वाटलं नाही. मी डाळ निवडत ऐकत होते.

बुधवारी रात्री मी दूध तापवलं. विरजणाची वाटी हातात घेऊन मी बराच वेळ उभी होते. नाही लावलं तर काय होईल, हे माझ्या मनात आलं. पण मग मला ते हात आठवले, तो ओंजळ करणारा पोरगा आठवला. त्यांनी माझं काय वाईट केलं होतं? आणि खरं सांगायचं तर दही नासलं असतं तरी मला कोणी स्टेशनवर नेणार नव्हतं. मी विरजण लावलं.

गुरुवारी आमचा क्लब जिंकला. दोन गोलांनी.

गल्लीच्या तोंडापासून आरडाओरडा ऐकू आला. मोठे साहेबसुद्धा मोटारीतून आले होते म्हणे. सगळी टीम जिन्यावर, खाली अंगणात बघे, मासिमा दारात शंख फुंकत होत्या. ह्यांनी मला हाक मारली, "अगं, बाहेर ये, तुला बघायचंय सगळ्यांना!" मी नको नको म्हणत असताना दादाने मला दंडाला धरून बाहेर आणलं. एवढी माणसं माझ्याकडे बघताहेत असं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. गोलकीपरने स्वतःच्या गळ्यातला हार काढला. मला घालणं बरं दिसणार नाही हे त्याला कळलं असावं. त्याने तो माझ्या पायांपाशी ठेवला आणि म्हणाला, "बऊदी, आपने हमको ऊपर चढाया." सगळे ओरडले. मी खाली बघत राहिले. माझे पाय सुजले होते. चपला घालता येत नव्हत्या म्हणून अनवाणीच उभी होते.

शुक्रवारी सकाळी हे आणि दादा तिकिटं बदलायला निघाले. दादा दारातच थांबला. बोटांवर काहीतरी मोजू लागला.

"दाजी, अमावास्या बुधवारी झाली ना?"

"हो."

"मग आठवा लागला की."

दोघेही माझ्याकडे बघू लागले, जणू ही बातमी मीच त्यांच्यापासून लपवून ठेवली होती.

"आई मला घरात घेणार नाही," दादा म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "तिने दहा वेळा बजावलंय. वाटेत काही झालं तर मी कोणाकोणाला तोंड दाखवू?"

"मी येते," मी म्हणाले. "मला काही होणार नाही."

"भलतंच काय बोलतेस! दोन रात्रींचा प्रवास, हिसके बसतात गाडीत."

"शनिवारी एका दिवसाने काही होत नव्हतं."

हे मी म्हणाले. दादाने ते ऐकलं. त्याने मान खाली घातली आणि जिन्याच्या कठड्यावरचा रंग नखाने खरवडत राहिला. हे म्हणाले, "इथे मोठं हॉस्पिटल आहे. मासिमा आहेत. काळजी काय करायची? सगळं व्यवस्थित होईल." त्यांच्या आवाजात प्रेम होतं, हेही मला लिहिलं पाहिजे. ते वाईट नव्हते. त्या संध्याकाळी त्यांनी माझ्या पायांना तेल लावून दिलं, आणि तेल लावता लावता वरच्या डिव्हिजनमध्ये कोणकोण आपल्याशी खेळणार ते सांगितलं.

दादा रविवारच्या मेलने एकटा गेला. जाताना त्याची नजर वर होत नव्हती. मी बांधलेलं बोचकं सोडून त्यातलं आईसाठी घेतलेलं धनेखाली गावच्या मागावरचं सुती लुगडं त्याच्या ट्रंकेत ठेवलं. "आईला काय सांगू?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "क्लब वर गेला म्हणून सांग."

दिवाळीच्या तोंडावर मला मुलगी झाली. मासिमा रात्रभर माझ्या उशाशी बसल्या होत्या आणि बंगालीत धीर देत होत्या. मला शब्द कळत नव्हते. कळ आली की मी आईला हाक मारायची आणि त्या "एइ तो मा, एइ तो" म्हणून, इथेच आहे असं सांगितल्यासारखा, माझा हात धरायच्या. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण तो हात आईचा नव्हता. बाळाला पहिली अंघोळ घालायला, शेक द्यायला, टाळू भरायला मला कोणी शिकवलं नाही. जे आठवलं ते केलं.

पुढच्या मे महिन्यात पुन्हा जिन्यावर पावलं वाजली. आता वरच्या डिव्हिजनची लीग. मला वाटलं होतं, वर गेले की हे सगळं संपेल. पण आता खाली उतरायची भीती होती, आणि ती वर जायच्या हौसेपेक्षा मोठी होती. मुलीला काखेत घेऊन मी एका हाताने दही घालायची. ती त्यांच्या हातातला चमचाभर दह्याचा गोळा पकडायला बघायची. ते हसायचे, पण पहिल्यासारखं नाही. ते हरत होते. मोठ्या क्लबांपुढे त्यांचं काही चालेना. एकदोघे पाय मोडून घरी बसले. ओंजळ करणारा मुलगा दुसऱ्या क्लबात गेला. लीग संपली तेव्हा आमचा क्लब सगळ्यात तळाला होता. पुन्हा खालच्या डिव्हिजनमध्ये आला.

त्यानंतर, दसऱ्याला, ह्यांनी मला माहेरी पोचवलं आणि ते दुसऱ्या दिवशी त्यांच्या गावी गेले. मुलगी तोवर धरून धरून पावलं टाकत होती. आईने दारात तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि हात पुढे केले. मुलगी किंचाळून माझ्या पदरात शिरली. तिने आजीला कधी पाहिलंच नव्हतं.

"असू दे," आई म्हणाली. "होईल ओळख."

रात्री वडिलांना भरवून झाल्यावर आई माझ्याजवळ येऊन बसली. दादाने तिला काय काय सांगितलं होतं कोण जाणे. ती म्हणाली, "तुमचा तो क्लब वर गेला होता म्हणे."

"हो."

"मग आता?"

"खाली आला परत."

"खालीच यायचं होतं तर गेले कशाला?" तिने खरोखरच विचारलं, टोमणा मारून नाही.

सकाळी तिने चुलीवर मोठं तपेलं चढवलं आणि मुलीला माझ्या कडेवरून काढून घेतलं. मुलगी हातपाय झाडत होती. आईने तिला तशीच रडत न्हाणीत नेलं, दोन्ही पाय पसरून त्यावर पालथं घातलं आणि पाठीला तेल चोळायला घेतलं. "रड रड," ती म्हणत होती, "आठ दिवसांत सवय होते बघ. मग स्वतःहून मागशील."

हे पुढच्या शनिवारी आम्हाला न्यायला येणार होते. ते मी आईला अजून सांगितलं नव्हतं.